भाड्याचे चारशे की तुरुंगाचे दहा दिवस? टीसीशी वाद झाला तर काय करायचं



31 जुलैला बंदी संपते. त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस कुटबण घ्या, खारीवाडा घ्या, मालीम घ्या नाहीतर शापोरा, सगळ्या जेटींवर एकच प्रश्न असतो, "खलाशी पोचले काय?" बर्फाची सोय झालेली असते, डिझेल भरलेलं असतं, जाळी शिवून तयार असतात. पण ओडिशा, झारखंड, आंध्र आणि कर्नाटकातून येणारी माणसं पोचली नाहीत तर बोट जागची हलत नाही. ही माणसं बहुतेक रेल्वेनेच येतात. कोणी हावड्याकडून येणाऱ्या अमरावती एक्स्प्रेसने वास्कोला उतरतो, कोणी हुबळीला गाडी बदलतो, कोणी कोकण रेल्वेने मडगावला येतो.

आणि इथेच दर हंगामाला एक घोळ असतो. तिकीट वेटिंगवर राहिलेलं, किंवा एजंटने भलत्याच्या नावावर काढलेलं, किंवा जनरलचं तिकीट घेऊन माणूस स्लीपरमध्ये बसलेला. टीसी येतो, पैसे मागतो. खिशात पैसे नाहीत, भाषा कळत नाही, आवाज चढतो, आणि मालकाला फोन येतो तो रेल्वे पोलिसांच्या चौकीतून.

आज या लेखात एकच मुद्दा नीट समजून घेऊया. भाडं कमी पडलं हा मुळात हिशेबाचा विषय आहे. तो गुन्ह्याचा विषय होतो तो पळापळीमुळे, खोटं बोलण्यामुळे, हमरीतुमरीमुळे आणि हातात कागद नसल्यामुळे. म्हणून सूत्र लक्षात ठेवा : आधी भरा, पावती घ्या, भांडण नंतर कागदावर करा.

दोन कलमं, दोन वेगळ्या वाटा

हा सगळा कारभार रेल्वे अधिनियम 1989 प्रमाणे चालतो. त्यातली दोन कलमं प्रत्येक तांडेलाला तोंडपाठ पाहिजेत : 138 आणि 137.

कलम 138 हे वसुलीचं कलम. तिकीट नाही, तिकीट दाखवता आलं नाही, वरच्या वर्गाच्या डब्यात बसला, किंवा तिकिटाच्या पुढच्या स्टेशनपर्यंत गेला, तर राहिलेलं भाडं भरायचं आणि वर तेवढाच जादा आकार भरायचा. हा जादा आकार कमीत कमी 250 रुपये. यात तुम्ही चोर आहात असं कोणी म्हणत नाही. पैसे भरले की विषय संपला.

कलम 137 हे फसवणुकीचं कलम. रेल्वेला फसवायच्या हेतूने विनातिकीट प्रवास केला किंवा एकदा वापरलेलं तिकीट पुन्हा वापरलं, तर हे लागतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खास कारण नसेल तर दंड 500 रुपयांच्या खाली येत नाही. शिवाय भाडं आणि जादा आकार वेगळा भरावा लागतोच.

दोन्हींत फरक एका शब्दाचा, तो म्हणजे "हेतू". मोबाईल बंद पडला म्हणून तिकीट दाखवता आलं नाही, हा 138 चा विषय. टीसी दिसला म्हणून संडासात लपला, खोटं नाव सांगितलं, कालचंच तिकीट पुढे केलं, तर 137 ला आयतं निमित्त मिळालं.

हिशेब कसा करतात

टीसी मनाला येईल तो आकडा सांगतो, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. तसं नाही. हिशेब आपणही करू शकतो.

• समजा तिकीटच नाही आणि भाडं 180 रुपये होतं. 180 अधिक 250, एकूण 430 रुपये.

• समजा भाडं 600 रुपये होतं. 600 हे 250 पेक्षा जास्त, म्हणून जादा आकारही 600. एकूण 1200 रुपये. असे चार खलाशी असतील तर 4800 रुपये.

• समजा जनरलचं तिकीट आहे पण स्लीपरमध्ये बसला, आणि दोन भाड्यांतला फरक 200 रुपये. 200 अधिक 250, एकूण 450 रुपये. आधी घेतलेल्या तिकिटाचे पैसे वजा करूनच फरक काढतात, हे विसरू नका.

आता यातली मेख. माणूस कुठे चढला याबद्दल शंका असेल, तर भाडं गाडी जिथून सुटली तिथपासून धरतात. मधल्या स्टेशनला तिकीट तपासणी झालेली असेल तर तिथपासून. म्हणजे कुडाळला चढला आणि मडगावला पकडला, पण कुडाळला चढल्याचा काहीच पुरावा नाही, तर हिशेब मुंबईपासून लागू शकतो. म्हणून चढलेल्या स्टेशनचा काहीतरी पुरावा जवळ हवा. जोडगाडीचं तिकीट चालेल, बसचं तिकीट चालेल, तिकीट काढल्याचा मेसेज चालेल, सोबतच्या माणसाचं तिकीटही चालेल.

पैसे दिले नाहीत तर काय होतं

टीसी तुम्हाला पुढच्या स्टेशनवर उतरवू शकतो. पण हातात जनरलचं तिकीट असेल आणि स्लीपरमधून उतरवलं, तर जनरल डब्यात बसून पुढे जायचा तुमचा हक्क राहतो. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

त्यापुढची पायरी मॅजिस्ट्रेटची. 138 खाली मागितलेली रक्कम भरली नाही तर रेल्वे मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करते. रक्कम खरोखर देणं आहे असं पटलं तर मॅजिस्ट्रेट ती दंडासारखी वसूल करायला सांगतो, आणि तरीही भरली नाही तर कैद. ही कैद कमीत कमी दहा दिवस, जास्तीत जास्त एक महिना. चारशे-साडेचारशे रुपयांसाठी दहा दिवस आत! हंगामाचे पहिले दहा दिवस एक खलाशी आत बसला तर त्याची मजुरी गेली, बोटीची फेरी गेली, आणि गावी त्याच्या घरी काय कळवायचं हा प्रश्न वेगळाच.

वाद घालताना हात चालला, टीसीला अडवलं, धक्का दिला, तर कलम 146 लागतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोबत्याला उतरवलं म्हणून साखळी ओढली तर कलम 141, त्यात एक वर्षापर्यंत कैद आहे. म्हणजे विषय भाड्याचा होता, तो भलतीकडेच गेला.

खलाशी कुठे अडकतात

1. ऑनलाईन वेटिंग तिकीट. चार्ट लागल्यावर सगळी नावं वेटिंगवरच राहिली तर हे तिकीट आपोआप रद्द होतं, पैसे खात्यात परत येतात. त्या तिकिटावर चढलेला माणूस विनातिकीट धरला जातो. खिडकीवर काढलेलं वेटिंग तिकीट असेल तर जनरल डब्यातून जाता येतं, स्लीपरमधून नाही.

2. दुसऱ्याच्या नावाचं तिकीट. सहा जणांची तिकिटं काढली, ऐनवेळी एक आजारी पडला, त्याच्या जागी शेजारचा आला. हे चालत नाही. नाव बदलता येतं ते आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांच्यासाठी, आणि तेही गाडी सुटायच्या 24 तास आधी अर्ज करून. बाकी कोणी दुसऱ्याच्या तिकिटावर बसला तर तिकीट गेलं, वर कारवाई.

3. एजंट. परवाना नसताना तिकिटांचा धंदा करणाऱ्याला कलम 143 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पकडला जातो तो एजंट नव्हे, गाडीत बसलेला गरीब माणूस. तेव्हा जादा पैसे घेऊन "कन्फर्म करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

4. ओळखपत्र. ई-तिकिटावर प्रवास करताना तिकिटावरच्या एका तरी प्रवाशाकडे ओळखपत्र हवं. नसेल तर सगळेच विनातिकीट. खलाशांचे आधार कार्ड मालकाने "सांभाळायला" म्हणून आपल्या कपाटात ठेवू नयेत, याचं हेही एक कारण.

5. मोबाईलवरचं जनरल तिकीट. ते अॅपमध्येच उघडून दाखवावं लागतं. मित्राने पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही.

6. वेळ. 199 किलोमीटरपर्यंतचं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या बाजूची पहिली गाडी सुटेपर्यंत, यात जे उशिरा असेल तोपर्यंत प्रवास सुरू करायला हवा. सकाळी काढलेल्या तिकिटावर संध्याकाळी बसलात तर अडचण.

गाडीत टीसी समोर उभा असताना

सगळ्यात चांगला उपाय टीसी येण्याआधीचा आहे. गाडी सुटायला आली, तिकीट काढायला वेळ मिळाला नाही, तर गार्डला किंवा टीसीला स्वतःहून जाऊन सांगा आणि प्रवासाची परवानगी घ्या. कलम 55 मध्ये याची सोय आहे. परवानगीचा कागद मिळाला तर फक्त भाडं भरायचं, जादा आकार लागत नाही. आपणहून सांगितलं, यातूनच फसवायचा हेतू नव्हता हेही सिद्ध होतं.

पकडलं गेल्यावर :

• नाव, गाव खरं सांगा. कुठे चढलो ते सांगा, पुरावा दाखवा.

• टीसीच्या छातीवरची नावाची पट्टी बघा. शंका वाटली तर ओळखपत्र मागा, शांतपणे.

• हिशेब विचारा : भाडं किती, जादा आकार किती.

• पैसे द्या आणि पावती घ्या. छापील असो की मशीनमधली, पावतीवर रक्कम, गाडी नंबर, कुठून कुठपर्यंत हे बघा. पावतीशिवाय दिलेला रुपया रेल्वेच्या खात्यात गेला असं समजू नका. पुढच्या टीसीसमोर तुम्ही पुन्हा विनातिकीटच.

• पैसे कमी असतील तर तिथूनच मालकाला, तांडेलाला किंवा सोसायटीला फोन लावा. आता पैसे मोबाईलवरून मिनिटात येतात. दहा दिवसांची कैद टाळायला एक फोन पुरतो.

• मागणी चुकीची वाटत असेल तरी भरा, आणि लगेच 139 वर फोन करून किंवा रेल मदद अॅपवर तक्रार नोंदवा. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

आमच्या बहिणींसाठी

कारवार–मडगाव–पेडणे पट्ट्यात मासळी घेऊन फिरणाऱ्या बायकांनी हे ध्यानात ठेवावं. सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या बाईला किंवा मुलाला भाड्याच्या कारणावरून कुठल्याही स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, गाडीचं शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाचं स्टेशन, एवढ्याच ठिकाणी उतरवता येतं, आणि तेही दिवसाच. रात्री नऊ वाजता आडस्टेशनला "उतर" म्हणालं कोणी, तर कलम 139 चं नाव घ्या आणि 139 नंबरच लावा. दोन्ही आकडे एकच, विसरायला होत नाही. मात्र याचा अर्थ भाडं माफ झालं असा नाही.

टोपलीचं म्हणाल तर, जनरल डब्यात 35 किलोपर्यंत स्वतःचं सामान फुकट नेता येतं. पण विक्रीचा माल हा "स्वतःचं सामान" धरत नाहीत, तो पार्सलमध्ये बुक करायचा असतो. त्यामुळे टोपलीवरून वाद झाला तर तिकीट दाखवून सुटका होत नाही. मोठा माल असेल तर पार्सल ऑफिसात आधीच विचारलेलं बरं.

मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहावं लागलं तर

अटक झाली तर कारण सांगणं बंधनकारक आहे आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. तिथे घाई असते, ओळीने माणसं उभी असतात, आणि "कबूल आहे काय?" असं विचारलं की आपला माणूस घाबरून मान हलवतो. मान हलवण्याआधी एक प्रश्न विचारायला शिकवा : "साहेब, कलम कुठलं?"

138 ची वसुली असेल आणि रक्कम बरोबर असेल तर भरून मोकळं व्हा. 137 लावलं असेल आणि फसवायचा हेतू नव्हता, तर तसं सांगा आणि पुरावा दाखवा : तिकिटाचे पैसे कापल्याचा मेसेज, रद्द झालेलं वेटिंग तिकीट, एजंटला पाठवलेले पैसे, टीसीला आपणहून सांगितल्याचा साक्षीदार. 137 कबूल करणं म्हणजे फसवणुकीचा गुन्हा कबूल करणं, आणि तशी नोंद माणसाच्या नावावर राहते.

साक्ष कळत नसेल तर ती आपल्याला समजणाऱ्या भाषेत सांगून घ्यायचा आरोपीला हक्क आहे. ओडिया किंवा तेलुगू बोलणाऱ्या खलाशाने न समजता अंगठा उठवू नये. वकिलाला पैसे नाहीत तर कायदा सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो. कोठडीतल्या माणसाला, बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मिळतो. फोन नंबर 15100.

चूक रेल्वेची असेल तर

आता दुसरी बाजू. प्रत्येक वेळी प्रवासीच चुकतो असं नाही. मथुरेच्या एका वकिलांचं प्रकरण देशभर गाजलं होतं. 25 डिसेंबर 1999 ला त्यांनी मथुरा ते मुरादाबादची दोन तिकिटं घेतली. एकाची किंमत 35 रुपये, दोघांचे 70. खिडकीवरच्या माणसाने 90 घेतले. वीस रुपये जादा. त्यांनी सांगून पाहिलं, परत मिळाले नाहीत. मग त्यांनी ग्राहक मंचात तक्रार केली.

रेल्वेने म्हटलं, ही तक्रार रेल्वेच्या न्यायाधिकरणात न्या, ग्राहक मंचात नाही. ते मागे हटले नाहीत. शंभरावर तारखा झाल्या. शेवटी 2022 च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला : 20 रुपये 1999 पासून 12 टक्के व्याजाने परत, आणि वर 15000 रुपये भरपाई. तीस दिवसांत दिले नाहीत तर व्याज 15 टक्के.

बावीस वर्षं आपल्यातला कोण थांबणार, हा प्रश्न बरोबर आहे. पण त्या माणसाने गाडीसमोर आडवं पडून काही मिळवलं नाही. त्यांनी 90 रुपये दिले, प्रवास केला आणि कागद जपला. कागद होता म्हणून दावा टिकला.

आपल्यासाठी रस्ता असा : आधी 139 ची तक्रार. मग लेखी अर्ज. मडगाव, करमळी, थिवी, पेडणे, काणकोण ही स्टेशनं कोकण रेल्वेची, तर वास्को, सावर्डे, कुळे ही दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाची. अर्ज चुकीच्या दारात दिला तर महिने जातात. तिथे दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन आहेत. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

अर्जात एवढं लिहा, पुरे होतं : "मी दिनांक अमुक रोजी गाडी नंबर अमुक ने अमुक ते अमुक प्रवास केला. माझ्याकडे अमुक तिकीट होतं. माझ्याकडून अमुक रुपये घेतले, पावती नंबर अमुक. माझ्या हिशेबाने अमुक रुपये व्हायला हवे होते, कारण असं. फरक परत मिळावा. तिकीट व पावतीची झेरॉक्स जोडली आहे." मूळ कागद कधीही हातचा सोडू नका.

बोटमालकांना चार शब्द

खलाशाला उचल पाठवली म्हणजे आपलं काम झालं असं नाही. त्या उचलीतून तो घरचं देणं भागवतो आणि उरलेल्यात जनरलचं तिकीट काढतो. तिकीट शक्यतो मालकानेच, त्याच्याच नावावर, वेळेत काढावं. चार्ट लागल्यावर तिकीट पक्कं झालं की नाही हे बघून फोन करावा. वेटिंग राहिलं तर "चढ कसाही" असं सांगू नये. टोळीतल्या एकाकडे थोडे पैसे आणि चार्ज केलेला मोबाईल असावा. दोन दिवस उशिरा आलेला खलाशी परवडतो, आत गेलेला परवडत नाही.

ज्या सभासदांना अर्ज लिहायला मदत हवी असेल त्यांनी तिकीट आणि पावती घेऊन सोसायटीच्या ऑफिसात यावं, आम्ही लिहून देऊ. आणि हा लेख आपल्या तांडेलाला, टोळीच्या मुकादमाला नक्की पाठवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी तीन नंबर राहू देत : रेल्वेसाठी 139, वकिलासाठी 15100, आणि तिसरा आपल्या मालकाचा.

हंगाम सगळ्यांना भरभराटीचा जावो.

सचिव